आगोटीची बेगमी आणि फ्लूची लस

गेल्या श्रावणात मावशीचा फोन आला. "अगं, तुझ्या सांगण्यावरून त्या फ्लूच्या लसीवर पैसे घातले आणि सर्दीताप झालाच की! उपयोग काय झाला?" आवाज घोगरा होता, नाक चोंदलेलं होतं, पण वाक्य एका दमात पूर्ण झालं होतं. माझं लक्ष तिच्या तक्रारीपेक्षा त्या दमाकडेच गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट महिन्यातच, एवढं एक वाक्य बोलताना ती तीनदा थांबत होती. तेव्हा लस घेतलेली नव्हती. तपासणीत इन्फ्लुएन्झा 'ए' निघाला, रक्तातला ऑक्सिजन 90 वर उतरला, आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले आणि खोकला दिवाळीपर्यंत पुरला. या वेळी दोन दिवस ताप, तीन दिवस नाक गळणं, आणि सहाव्या दिवशी मंगळागौरीची पत्री आणायला ती स्वतः मंडईत गेली.

एका मावशीवरून लसीचा गुण सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षीचा ताप फ्लूचाच होता की दुसऱ्या एखाद्या विषाणूचा, हेही कुणी तपासलं नाही. पण तिचा प्रश्न खरा आहे आणि तो घरोघरी विचारला जातो. करोनाच्या लसीनंतर तर तो फारच विचारला गेला: दोन डोस घेऊन माणूस पुन्हा आजारी पडतोच कसा? याचं उत्तर द्यायचं तर लसीमुळे शरीरात जे प्रतिपिंड तयार होतात ते कुठे असतात, किती दिवस टिकतात आणि नेमकं काय करतात, हे नीट पाहावं लागतं. ते एकदा कळलं की लस केव्हा घ्यावी, कुणी घ्यावी आणि तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, या गोष्टी आपोआप उलगडतात.

फ्लूच्या विषाणूपासून सुरुवात करू. मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा हा कण. त्याच्या अंगावर प्रथिनांचे शेकडो काटे असतात. त्यातल्या मुख्य काट्याचं नाव हिमॅग्लुटिनिन. आपल्या नाकाच्या, घशाच्या, श्वासनलिकेच्या पेशींवर साखरेसारख्या एका रेणूची टोकं बाहेर आलेली असतात, त्यांना हा काटा पकडतो आणि विषाणू पेशीत शिरतो. शेताच्या बांधावरून चालताना आघाड्याची बारीक फळं साडीच्या काठाला कशी चिकटतात, ते आठवा. फळाला टोक आहे म्हणून ते चिकटतं. त्या टोकावर चिखलाचा थर बसला तर तेच फळ साडीवरून घसरून खाली पडेल.

प्रतिपिंड हा तो थर आहे. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचं हे प्रथिन असतं. त्याचे दोन हात विषाणूच्या काट्याला घट्ट धरतात. काट्याच्या शेंड्यावर जो खळगा पेशीला पकडण्यासाठी असतो, नेमका तोच झाकला गेला की विषाणू पेशीला चिकटूच शकत नाही. मग तो श्वासमार्गातल्या शेंबडात, बेडक्यात अडकतो आणि बाहेर टाकला जातो किंवा गिळला जाऊन पोटात संपतो. विषाणू मारावाही लागत नाही, तो निकामी होतो. प्रतिपिंडाचं तिसरं टोक, म्हणजे शेपटी, दुसरं काम करते. भक्षक पेशी ती शेपटी ओळखतात आणि प्रतिपिंडांनी वेढलेला विषाणू गिळून टाकतात. विषाणूच्या अंगावर न्युरामिनिडेज नावाचा आणखी एक काटा असतो. पेशीत तयार झालेली नवी पिल्लावळ मोकळी करणं हे त्याचं काम. त्याला प्रतिपिंड बसले तर नवे कण जुन्या पेशीलाच चिकटून राहतात आणि आजार पसरायचा वेग मंदावतो.

हे प्रतिपिंड लसीत नसतात. इंजेक्शनाच्या कुपीत विषाणूचे निष्क्रिय केलेले तुकडे असतात, त्यात प्रामुख्याने तो हिमॅग्लुटिनिनचा काटा. नेहमीच्या लसीत विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं 15 मायक्रोग्रॅम. जिवंत विषाणू नसतो, म्हणून या इंजेक्शनाने फ्लू होऊ शकत नाही. लस घेतल्यावर एखादा दिवस जी कणकण वाटते, दंड ठणकतो, ती शरीर कामाला लागल्याची खूण असते.

हे काम कुठे चालतं, तेही मावशीमुळेच जवळून पाहायला मिळालं. लस घेतल्यावर तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. डाव्या दंडात सुई टोचली होती आणि डाव्याच काखेत लिंबाच्या बीएवढी दुखरी गाठ हाताला लागत होती. "अवधाण आलंय गं," ती घाबरून म्हणाली. तिला वाटलं, सुईची जखम चिघळली. सगळ्यांनाच अशी गाठ येत नाही, पण आली तर तिचा अर्थ समजून घ्यावा. दंडात गेलेले विषाणूचे तुकडे उचलून काही पेशी जवळच्या लसिकाग्रंथीत, म्हणजे काखेत, नेतात. तिथे लक्षावधी बी पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीजवळ आपापल्या घडणीचा एक प्रतिपिंड असतो. ज्या थोड्यांचा प्रतिपिंड त्या काट्यावर कसाबसा बसतो, त्या भराभर वाढू लागतात. वाढताना त्यांच्या प्रतिपिंडाच्या घडणीत बारीक बदल होतात. जिचा प्रतिपिंड काट्यावर अधिक घट्ट बसेल ती पेशी टिकते, बाकीच्या मरतात. असं पुन्हा पुन्हा होत जातं आणि आरंभी सैल बसणारा प्रतिपिंड शेवटी पक्का बसू लागतो. गाठ फुगते ती या धांदलीमुळे. मावशीची गाठ आठवड्यात बसली. काही आठवडे उलटूनही बसली नाही किंवा वाढत गेली, तर मात्र लसीवर ढकलून न देता डॉक्टरांना दाखवावी.

या सगळ्याला सुमारे दोन आठवडे लागतात. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढचं सारं नियोजन त्यावर आहे. शेजारच्या घरात फ्लू आला म्हणून आज धावत जाऊन लस घेतली, तर उद्या-परवाच्या संसर्गापासून ती वाचवणार नाही. आणि लस घेतल्यावर चौथ्या दिवशी ताप आला तर तो लसीने आणला असं नसतं. तो संसर्ग बहुधा आधीच झालेला असतो.

नाक आणि फुफ्फुस

आता मावशीच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. शरीरात प्रतिपिंडांचे पाच वर्ग आहेत. त्यातले दोन इथे महत्त्वाचे: आयजीजी आणि आयजीए. आयजीजी रक्तात फिरतो. आयजीए नाकाच्या, घशाच्या, आतड्याच्या ओलसर अस्तरावर पाझरतो, जोडीने राहतो आणि दारातच विषाणूला अडवतो. स्नायूत इंजेक्शन दिलं की मुख्यतः आयजीजी तयार होतो. तो रक्तातून फुफ्फुसाच्या वायुकोशांत सहज झिरपतो, कारण तिथे रक्त आणि हवा यांच्यामधला पडदा अतिशय पातळ असतो. नाकाच्या अस्तरावर मात्र तो फार कमी पोचतो.

म्हणून इंजेक्शनाने घेतलेली लस फुफ्फुसाचं रक्षण चांगलं करते आणि नाकाचं त्या मानाने कमी. विषाणू नाकात थोडाफार वाढतो, सर्दी होते, घसा धरतो, ताप येतो. खाली उतरू लागला की प्रतिपिंडांची गाठ पडते. न्यूमोनिया टळतो किंवा सौम्य होतो. मला वाटतं, लसीबद्दलची निम्मी निराशा एवढीच गोष्ट आधी न सांगितल्यामुळे होते. लोक नाकाकडे पाहून लसीला गुण देतात आणि लस काम करत असते छातीत. ज्या वर्षी लसीतला विषाणू आणि गावात फिरणारा विषाणू यांचा मेळ चांगला बसतो, त्या वर्षी डॉक्टरकडे जावं लागेल इतपत फ्लू होण्याचा धोका 40 ते 60 टक्क्यांनी कमी होतो. हा आकडा शंभर नाही, हे लस टोचणाऱ्यानेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

नाकातच आयजीए तयार व्हावा म्हणून नाकावाटे देण्याच्या लसी निघाल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 2010 मध्ये स्वाइन फ्लूसाठी 'नॅसोव्हॅक' ही नाकात फवारायची लस आणली, तिच्यात दुबळा केलेला जिवंत विषाणू होता. भारत बायोटेकची करोनाची 'इनकोव्हॅक' 2023 च्या प्रजासत्ताकदिनी दाखल झाली. नाकातल्या जिवंत फ्लूच्या लसीची अडचण अशी, की मोठ्या माणसांच्या शरीरात आयुष्यभराच्या फ्लूंमुळे आधीच थोडेफार प्रतिपिंड असतात आणि ते लसीतल्या विषाणूलाच वाढू देत नाहीत. म्हणून ती मुलांत जास्त उपयोगी पडते. गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती खालावलेले रुग्ण यांना जिवंत विषाणूची लस देत नाहीत. ज्येष्ठांसाठी तर इंजेक्शनच.

गोवराची लस लहानपणी, मग ही दरवर्षी का?

हा प्रश्न शाळेतल्या मुलांनीही विचारावा इतका चांगला आहे. गोवरही श्वासावाटेच पसरतो. त्याच्या लसीचे दोन डोस लहानपणी घेतले की बहुतेकांना जन्मभर पुरतात. फ्लूची लस वर्षाला पुरते. फरक वेगाचा आहे. गोवराचा विषाणू शिरल्यापासून पहिली लक्षणं दिसेपर्यंत दहा-बारा दिवस जातात, कारण त्याला रक्तातून अंगभर फिरावं लागतं. तेवढ्या अवधीत जुन्या लसीच्या स्मृतिपेशी, म्हणजे तो विषाणू लक्षात ठेवून मागे राहिलेल्या बी पेशी, जाग्या होतात, नवे प्रतिपिंड काढतात आणि वाटेतच त्याला गाठतात. फ्लूला असा प्रवासच नाही. नाकात शिरला, तिथेच वाढला, एक ते चार दिवसांत ताप. स्मृतिपेशींना जागं होऊन भरपूर प्रतिपिंड काढायला चार-पाच दिवस लागतात, तोवर फ्लूने आपलं काम उरकलेलं असतं. स्मृतिपेशी वाया जात नाहीत, त्या आजार लवकर आवरतात. पण फ्लूला सुरुवातीलाच थोपवायचं तर तयार प्रतिपिंड आधीपासून अंगात हवेत.

आपल्याकडे पावसाळ्याआधी आगोटीची बेगमी करतात. कोकणात तर मे महिन्यात घर शाकारून घ्यायचं, लाकूडफाटा आत ओढायचा, लोणची, पापड, सुकी मासळी भरून ठेवायची. पाऊस सुरू झाल्यावर लाकूड फोडायला जाऊन उपयोग नसतो. फ्लूच्या प्रतिपिंडांचं तसंच आहे.

आणि ही बेगमी संपत जाते. शरीरातला आयजीजी साधारण तीन आठवड्यांत अर्धा होतो. अस्थिमज्जेत जाऊन बसलेल्या, प्रतिपिंड बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी नवा पुरवठा करत राहतात, तरीही फ्लूच्या लसीनंतरची पातळी काही महिन्यांत घसरते, ज्येष्ठांत अधिक लवकर. शरीराची आठवण मात्र थक्क करणारी आहे. 1918 च्या साथीतून वाचलेल्या आणि नव्वदी ओलांडलेल्या 32 जणांचं रक्त संशोधकांनी तपासलं, तेव्हा त्या विषाणूला निकामी करणारे प्रतिपिंड त्यांच्यात जवळजवळ नव्वद वर्षांनीही सापडले. तो शोधनिबंध 2008 सालचा. माझ्या आजवरच्या वाचनात प्रतिपिंडांविषयी याहून विलक्षण गोष्ट नाही.

मग दरवर्षी टोचून घ्यायचं ते कशासाठी? कारण तोवर विषाणू बदललेला असतो. फ्लूचा विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याजवळ नसते. त्यातली एखादी चूक नेमकी हिमॅग्लुटिनिनच्या शेंड्यावर पडते आणि जुना प्रतिपिंड तिथे सैल बसू लागतो. करोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराच्या वेळी 2021 च्या अखेरीस असंच झालं. काट्यावर इतके बदल झाले होते की दोन डोस घेतलेल्यांनाही संसर्ग झाला. गंभीर आजार मात्र लस घेतलेल्यांत बराच कमी राहिला, कारण काही प्रतिपिंड बदल न झालेल्या भागांवर बसत होते आणि टी पेशी, ज्या संसर्ग झालेल्या पेशी हुडकून मारतात, त्यांना हे बदल फारसे चकवू शकले नाहीत. प्रतिपिंड एकटे लढत नाहीत, एवढं इथे नोंदवून पुढे जाते.

हे बदल टिपण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. देशोदेशीच्या प्रयोगशाळा आपल्याकडचे नमुने पाहून माहिती देतात. 1952 साली सुरू झालेली आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था त्यातलीच एक.

खोक्यावर काय वाचायचं

महाराष्ट्र भूगोलाच्या पुस्तकात उत्तर गोलार्धात आहे, पण फ्लूच्या हिशेबात त्याचा मेळ दक्षिण गोलार्धाशी जास्त बसतो. युरोप-अमेरिकेत फ्लूचा हंगाम हिवाळ्यात असतो. आपल्याकडे मोठी लाट पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि दुसरी, बहुधा लहान, जानेवारी ते मार्चमध्ये. काश्मीरमध्ये मात्र हिवाळाच मुख्य. म्हणून महाराष्ट्रात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी त्या वर्षाची दक्षिण गोलार्धाची लस एप्रिल-मेमध्ये घ्यावी. इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ऑक्टोबरमध्ये "आम्ही घेतली, तुम्हीही घ्या" असा निरोप दिला तर तो त्यांच्या हंगामाला बरोबर आहे, आपल्या नाही. पावसाळ्याआधी राहून गेली असेल तर उशिरा का होईना घ्यावी. पण दरवर्षीचं वेळापत्रक ऑक्टोबरचं लावू नये.

मावशीबरोबर गेले तेव्हा मी टोचणाऱ्या सिस्टरांकडून खोका मागून घेतला. त्यांनी आनंदाने दाखवला. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, संपण्याची तारीख. दुसरी, वर्ष आणि गोलार्ध. तिसरी, विषाणूंची नावं. ती अशी असतात: बी/ऑस्ट्रिया/1359417/2021. म्हणजे 'बी' प्रकारचा, ऑस्ट्रियात सापडलेला, प्रयोगशाळेतला क्रमांक अमुक आणि साल 2021. साल जुनं दिसलं म्हणून लस शिळी समजू नका. तो विषाणू फारसा बदलला नसेल तर तोच पुढच्या वर्षी ठेवतात. कालपर्यंत लसीत चार विषाणू असत. त्यातला 'बी'चा यामागाता हा वंश मार्च 2020 नंतर जगात कुठेच खात्रीने आढळला नाही, म्हणून आता तीनच विषाणूंची शिफारस आहे. तीन घटकांची लस दिली तर ती कमी प्रतीची नव्हे.

ही लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठू द्यायची नसते. बाहेरच्या दुकानातून घेऊन उन्हातून दवाखान्यात न्यायची वेळ आली तर बर्फाच्या पिशवीला कुपी थेट टेकू देऊ नका, मधे कापड घाला. त्यापेक्षा जिथे टोचून घ्यायची तिथलीच घेणं चांगलं.

टोचण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगायच्या: पूर्वी कुठल्या लसीने गंभीर अ‍ॅलर्जी झाली होती का, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे का (बऱ्याच लसींतला विषाणू कोंबडीच्या अंड्यात वाढवतात), गियाँ-बारे नावाचा हातापायांतली शक्ती जाण्याचा आजार कधी झाला होता का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, आज अंगात ताप आहे का. टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसावं. दंड दुखला, कणकण आली तर पॅरासिटामॉल चालते. त्रास होण्याआधीच गोळी घेऊन ठेवायची गरज नाही. सहा महिन्यांवरच्या आणि नऊ वर्षांखालच्या मुलाला ही लस आयुष्यात पहिल्यांदा देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, कारण त्याच्या शरीराने हा काटा बहुधा पाहिलेलाच नसतो. दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे धरायचे, म्हणजे लहान मुलांची सुरुवात एप्रिलमध्येच करायला हवी.

प्रतिपिंड मोजून घ्यावेत का?

घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. 2021 मध्ये करोनाची लस घेतल्यावर कितीतरी जण रक्त तपासून आले आणि आकडा पाहून कुणी निर्धास्त झाले, कुणी रडकुंडीला आले. कोविशील्डमुळे फक्त काट्याच्या, म्हणजे स्पाइक प्रथिनाच्या विरोधात प्रतिपिंड तयार होतात. काही तपासण्या विषाणूच्या आतल्या दुसऱ्याच प्रथिनाचे प्रतिपिंड शोधत होत्या. लस उत्तम लागू पडलेल्या माणसाचा अहवाल मग 'नाहीत' असा यायचा. योग्य तपासणी केली तरी या आकड्याच्या वर असाल तर सुरक्षित, अशी रेघ ओढता येत नाही. फ्लूसाठी प्रयोगशाळेत एक जुनी पद्धत आहे, तिचं मूळ 1941 मधल्या जॉर्ज हर्स्ट यांच्या निरीक्षणात आहे. विषाणूमुळे कोंबडीच्या रक्तपेशी एकमेकींना चिकटतात आणि प्रतिपिंड ते चिकटणं थांबवतात. रक्तद्रव चाळीसपट पातळ केल्यावरही त्याने चिकटणं थांबवलं, तर अशा लोकांत फ्लूचा धोका सुमारे निम्मा होतो असं धरतात. हा हिशेब लोकसमूहाचा आहे. तुमच्या-माझ्यापैकी कोण कुठल्या निम्म्यात, ते त्यावरून कळत नाही.

शिवाय नुसती संख्या पुरेशी नसते, प्रतिपिंड कुठे बसतो यालाही महत्त्व आहे. याची एक दुःखद नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. 1966 च्या सुमारास अमेरिकेत आरएसव्ही या विषाणूविरुद्ध फॉर्मालिनने निष्क्रिय केलेली लस तान्ह्या मुलांना देऊन पाहिली. प्रतिपिंड तयार झाले, पण ते विषाणूला निकामी करू शकत नव्हते. पुढे त्या मुलांना खरा संसर्ग झाला तेव्हा लस न घेतलेल्या मुलांपेक्षा त्यांचा आजार जास्त बिकट झाला आणि दोन बाळं दगावली. त्या विषाणूचा काटा पेशीत शिरण्याआधी एका आकाराचा असतो आणि नंतर दुसऱ्या, आणि प्रतिपिंड पहिल्या आकारावर बसायला हवेत, हे पक्कं समजायला 2013 साल उजाडलं. त्या ज्ञानावर बेतलेल्या आरएसव्हीच्या लसी 2023 मध्ये मंजूर झाल्या. तोवर सत्तावन्न वर्षं कुणी घाई केली नाही. लसींची सुरक्षितता कशी जोखली जाते हे विचारणाऱ्यांना मी हीच हकीकत सांगते.

आधी कुणी?

माझ्या यादीत सर्वांत वर गरोदर स्त्री आहे. फ्लू तिच्यात गंभीर होण्याची शक्यता जास्त असते, 2009 च्या स्वाइन फ्लूने ते जगभर दाखवून दिलं. त्या साथीत देशातला पहिला मृत्यू ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात झाला. नायडू रुग्णालयासमोरच्या तपासणीच्या रांगा त्या वेळी पुण्यात असलेला कुणी विसरलेला नाही. दुसरं कारण बाळाचं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. आईने ती घेतली तर तिचा आयजीजी वारेतून बाळाच्या रक्तात उतरतो, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, आणि जन्मानंतर चीक आणि दूध यांतून आयजीए मिळतो. बाळ जन्मतःच आईची बेगमी घेऊन येतं. ही लस सरकारच्या नियमित मोफत लसीकरणात नाही, पण आपल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांसाठी मिळते का, हे जरूर विचारा.

त्यानंतर साठीच्या पुढचे, मधुमेही, दमेकरी, हृदयरोगी, मूत्रपिंडाचे रुग्ण, कर्करोगाचे उपचार चालू असलेले आणि रुग्णसेवेत काम करणारे. वयाबरोबर प्रतिपिंड कमी तयार होतात हे खरं. म्हणून काही देशांत ज्येष्ठांना चौपट मात्रेची, 60 मायक्रोग्रॅमची लस देतात. पण कमी तयार होतात म्हणून घेऊच नये, असा उलटा अर्थ काढू नका. फ्लू फुफ्फुसापुरता थांबत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये झालेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फ्लूचं निदान झाल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण सहापट आढळलं. घरात सत्तरीचे वडील असतील तर त्यांच्याबरोबर त्यांच्याजवळ झोपणाऱ्या नातवालाही लस द्या. ज्येष्ठांना न्यूमोकॉकसची लस राहिली असेल तर ती त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येते.

लस घेतली तरी पावसाळ्यात ताप आला तर काय पाहायचं? धाप लागणं, ओठ निळसर होणं, ऑक्सिजन 94 च्या खाली जाणं, असंबद्ध बोलणं, उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा चढणं, लहान मुलाने दूध न ओढणं. यातलं काहीही दिसलं तर "लस घेतलीय, होईल बरं" म्हणून घरी बसू नका. फ्लूवरचं औषध, ओसेल्टामिव्हिर, लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. आणि वर्षभरात होणाऱ्या सगळ्या सर्दीपडशांवर ही लस चालत नाही. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत, ही लस इन्फ्लुएन्झाची.

मावशीला मी हे सगळं फोनवर सांगितलं नाही. आदल्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड काढून ठेव म्हणाले. संध्याकाळी गेले तेव्हा ते तिच्या हातात होतं, आणि आठ दिवसांचे ऑक्सिजनचे आकडे ती स्वतःच वाचत होती. पुढची लस केव्हा घ्यायची, एवढंच तिने विचारलं.

तेच तुम्हालाही सांगते. मृग 7-8 जूनला लागतो. त्याआधी दोन-अडीच आठवडे धरले तर 20 मे ही आपल्या घरासाठी शेवटची तारीख समजा. आजच फोन करून आईवडिलांच्या डॉक्टरांना विचारा: या वर्षीची दक्षिण गोलार्धाची फ्लूची लस आली आहे का, आणि आम्ही केव्हा येऊ?